लोकलच्या काचेवर पावसाचे थेंब भेटताच एक होतात. स्प्रेगनमधून उडणारे रंगाचे थेंब हवेत आदळले तर तसेच एक होतील का?

होतातच असं नाही. हवेत आदळलेले थेंब एक होतील, उसळून परत जातील किंवा क्षणभर जुळून पुन्हा सुटतील. कुर्ल्यात फवारणीच्या रंगांची चाचणी करतो, त्यामुळे हे रोजचं आहे. (काचेवरचे थेंब फार हळू भेटतात, तो वेगळा खेळ.) काय होणार ते मुख्यतः ठरवतो वेबर अंक, म्हणजे आदळण्याचा जोर थेंबाला एकसंध धरणाऱ्या पृष्ठताणाच्या किती पट आहे ते: घनता × व्यास × सापेक्ष वेगाचा वर्ग, भागिले पृष्ठताण. पाण्याचे १ मिमी थेंब सेकंदाला १ मीटरने भिडले तर तो साधारण १४ येतो, समोरासमोर असतील तर ते एक होतात. वेग तिप्पट केला तर अंक नऊपट, आणि जोडी तुटते. उसळण्याचं कारण मधला हवेचा पातळ थर, तो वेळेत निसटला नाही की थेंब एकमेकांना शिवतच नाहीत.

रंगात पॉलिमर (लांब साखळीसारखे रेणू) असेल तर खरी गंमत तुटताना दिसते. भेंडीच्या बुळबुळीत रसाला सुटते तशी तार दोन थेंबांमध्ये धरली जाते. ताणलेले लांब रेणू मागे खेचतात, म्हणून बारीक तुषार कमी उडतात.

मात्र डब्यात दाट दिसतो म्हणून रंग तुटणार नाही, असं धरू नका. बरेच रंग आदळण्याच्या झटक्यात पातळ होतात. पाण्यात कालवलेलं दाट कॉर्नफ्लोअर उलट घट्ट होतं.