सुताराला नको असलेली फट

(आयटीआयमधून निवृत्त झालेल्या सुतारकाम निदेशकांचं वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देणारं सदर)

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमचं घर पुसद तालुक्यात, सासऱ्यांनी बांधलेलं. मधल्या खोलीत जुनी शहाबादी फरशी आहे, खोली बारा बाय चौदा फूट. फरशी वरखाली झाली आहे, सांधे काळे पडले आहेत. त्यावर लाकडासारख्या दिसणाऱ्या, एकमेकींत अडकवायच्या पट्ट्या टाकाव्या असं मनात आहे. मी आणि माझा दीर दिवाळीच्या सुट्टीत हे काम करू शकतो असं मोबाइलवर पाहून वाटतं. सासूबाई म्हणतात, मिस्त्री बोलवा अन् टाइल्स लावा. दुकानदार म्हणतो लॅमिनेट घ्या. नागपूरचे पाहुणे म्हणतात एसपीसी घ्या. जुनी फरशी उखडावी लागेल का? उन्हाळ्यात याच खोलीला कूलर असतो, तेही कळवते.
(एक वाचिका, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, कूलरचं तुम्ही शेवटी लिहिलं, मी तिथूनच सुरू करतो. आपल्याकडे मार्च सरला की खिडकीला कूलर लागतो तो मृगापर्यंत उतरत नाही. रात्री टाकीत पाइप सोडून कोणीतरी झोपी जातं आणि पाणी खोलीत येतं. हे ज्या घरात झालं नाही, असं घर मला वऱ्हाडात दाखवा. लॅमिनेटच्या पट्टीचं पोट म्हणजे लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेला पुठ्ठा. वरचा सागवान हा कागदावर छापलेला फोटो, आणि त्यावर पारदर्शक कडक थर. थर वरून पाणी झेलतो, पण सांध्यातून पाणी पोटात गेलं की कड सुजते. एकदा सुजली की वाळवून खाली बसत नाही. शिवाय उधई, म्हणजे वाळवी. तंतू लाकडाचेच, तिला फोटोशी काय देणंघेणं?

एसपीसी म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी एकत्र दाबून केलेली पट्टी. ती पाण्याने फुगत नाही, उधईही तिला खात नाही. तेव्हा तुमच्या खोलीसाठी एसपीसी. पाहुणे बरोबर आहेत, पण अर्धेच. एसपीसीला पाण्याची भीती नसली तरी उन्हाची आहे आणि खालच्या उंचसखल जमिनीची आहे. पीव्हीसी उष्णतेने वाढतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा गेला आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट जमिनीवर पडलं, तर ती पट्टी पसरायला जागा शोधणारच. तिथे पडदा हवाच. टिनाच्या छपराखालच्या ओसरीत तर ती टाकूच नका.

आता जुनी फरशी. उखडायची गरज सहसा नसते, पण खाली काय चाललंय ते आधी पाहा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तुमच्या सासऱ्यांच्या काळातली फरशी बहुतेक मुरमावर वाळू-चुना टाकून बसवलेली असणार. वर्षानुवर्षं माती वरखाली झाली, तशी फरशीही झाली. एकामागून एक प्रत्येक फरशीवर लाकडी मुठीने ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक. मडक्यासारखा पोकळ आला तर ती फरशी काढून पुन्हा बसवावी लागेल, आणि त्यासाठी मिस्त्री बोलवावा. सासूबाईंचं निदान तेवढं तरी ऐकलंत असं होईल.

मग ओल. मीटरभर चौरस जाड प्लास्टिक फरशीवर पसरा, चारी कडांना चिकटपट्टी लावून हवाबंद करा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब आले किंवा खालचा दगड आजूबाजूपेक्षा काळा दिसला, तर ओल आहे. ही परीक्षा दोन ठिकाणी करा. एक खोलीच्या मध्यावर आणि दुसरी न्हाणीच्या बाजूच्या भिंतीलगत. ओल सापडली तर पट्ट्यांआधी पाण्याचा उगम शोधा. पागोळ्यांचं पाणी पायाशीच मुरतं का, न्हाणीची नाली तुंबली का, परसातलं सांडपाणी घराकडे येतं का. एसपीसीला ओलीने काही होणार नाही हे खरं. पण ती ओल पट्ट्यांखाली कोंडली जाते, बुरशीचा वास येतो आणि दोन वर्षांनी भिंतीचा खालचा वीतभर रंग सोलून निघतो.

ओल नसली, तरी पट्ट्यांखाली २०० मायक्रॉनचं पॉलिथिन घालाच. तुकड्यांचे पदर वीतभर एकमेकांवर चढवून चिकटपट्टी लावा. त्यावर फोमचा थर लागतो का, ते पट्टीच्या पाठीला पाहून ठरवा. बऱ्याच एसपीसी पट्ट्यांच्या पाठीला फोम आधीच चिकटवलेला असतो. तसा असला तर खाली दुसरा घालायचा नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. गवंड्याकडून दोन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी मागून आणा. ती फरशीवर आडवी, उभी, तिरपी फिरवा. पट्टीखाली एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून आत सरकत असतील, तर फट साधारण तीन मिलिमीटर झाली. त्याहून जास्त असेल तिथे खडूने गोल करा. उंच कड असेल ती घासून काढा. खड्डा भरायचा असेल तर गुळगुळीत शहाबादीवर नुसतं सिमेंट धरत नाही. आधी टाचे मारून दगड खरबरीत करा, मग बाँडिंगचं द्रावण लावून भरा. काही जण खड्ड्यावर जाड फोम घालतात. तसं करू नका. फोमवर पाय पडला की पट्टी लवते, पुन्हा वर येते, पुन्हा लवते आणि सहा महिन्यांत सांध्याची जीभ, म्हणजे दुसऱ्या पट्टीच्या खोबणीत अडकणारी कड, तुटते. एसपीसी कडक असते, तिची जीभ जास्तच लवकर तुटते.

अडकवायचा हा सांधा १९९० च्या दशकात युरोपात आला. त्याआधी लॅमिनेटच्या पट्ट्या सरस लावूनच जोडत. आता नवी पट्टी साधारण वीस-तीस अंशांत तिरपी धरून आधीच्या पट्टीच्या खोबणीत घालायची आणि खाली दाबायची. टक् असा आवाज येतो. आवाज नाही आला तर जोर करू नका, पट्टी काढून खोबण झटका. बहुतेक वेळा एखादा खडा निघतो.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि मोबाइलवरचे लोकही ती तोंडातल्या तोंडात सांगतात. ती म्हणजे भिंतीजवळची फट. चारी बाजूंनी आठ ते दहा मिलिमीटर. ही जमीन कुठेच खिळलेली नसते, ती नुसती अंथरलेली असते आणि ऋतूप्रमाणे हलते.

हे मला कळायला माझं स्वतःचं घर लागलं. सत्तावीस वर्षं मी पोरांना सांधे शिकवले. सांध्यात कागद शिरला की मार्क कापायचो. फट म्हणजे सुताराला शिवी! तर मे महिन्यात, हवा कोरडी ठणठणीत असताना, मी पुढच्या खोलीत लॅमिनेट टाकलं. पट्ट्या भिंतीला अशा भिडवल्या की ब्लेडही आत जाऊ नये. शेजारीपाजारी पाहून गेले, मीही जरा छाती काढून उभा होतो. श्रावणात चार दिवस झड लागली आणि खोलीच्या मधोमध जमीन उचलली. पाय ठेवला की टपकन खाली, पाय काढला की वर. आमची मंडळी दारात उभी राहून म्हणाली, "लोकाइच्या पोट्ट्याइले जलमभर शिकवलं, अन् आपल्याच घरात हा पापड फुलवून ठेवला!"

दमट हवेत लॅमिनेट मीटरमागे एखाद-दोन मिलिमीटर पसरतं. खोली चार मीटरची असेल तर करा हिशेब. मी भिंतीलगतच्या पट्ट्या काढून दहा मिलिमीटर कापल्या, तेव्हा दोन दिवसांत जमीन आपोआप बसली. तीन सांधे मात्र कायमचे गेले. ते आजही दिवाणाखाली लपवले आहेत.

एसपीसी दमट हवेने पसरत नसली तरी उन्हाने पसरते, म्हणून फट तिलाही सोडायचीच. नऊ मिलिमीटर प्लायचे चौकोनी तुकडे करा आणि भिंत व पट्टी यांच्यात फूट-दीड फुटावर लावत जा. काम झालं की काढून घ्या. फट दिसायला नको म्हणून वरून स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, बसतं, पण त्याचे खिळे भिंतीत मारायचे, जमिनीत नाही. दरवाज्याचा स्टॉपर, कपाटाचा पाय, काहीही जमिनीतून खाली ठोकू नका. उंबरठा आहे तसाच ठेवा. त्याच्यापाशीही फट सोडून वर धातूची पट्टी लावा. दार घासत असेल तर बिजागरीवरून उतरवून खालच्या कडेला रंधा मारा.

तुमच्या खोलीचा हिशेब मी करून ठेवला आहे. पट्टी १२२० बाय १८० मिलिमीटरची धरली. पट्ट्या चौदा फुटांच्या बाजूने लांब टाका. बारा फूट म्हणजे ३६५८ मिलिमीटर, दोन्ही फटी वजा जाता ३६३८. वीस ओळींत ३६०० जातात, उरतात ३८. शेवटची ओळ ३८ मिलिमीटरची काडी होईल आणि ती टिकणार नाही. पन्नासच्या खाली जाऊच नये. म्हणून पहिलीच ओळ १०९ ची कापून सुरू करा, मध्ये १९ अख्ख्या ओळी येतील आणि शेवटची पुन्हा १०९ ची. लांबीत पहिल्या ओळीला तीन अख्ख्या पट्ट्या आणि ५८७ चा तुकडा. ही पट्टी आधी लांबीत तोडा, रुंदीत मग कापा; उरलेला ६३३ चा अख्ख्या रुंदीचा तुकडा फेकू नका, त्यानेच दुसरी ओळ सुरू होते. शेजारच्या ओळींचे आडवे सांधे एकमेकांपासून निदान फूटभर दूर हवेत. क्षेत्रफळ १६८ चौरस फूट, त्यात दहा टक्के तूट धरून १८५ घ्या, म्हणजे सुमारे ८० पट्ट्या. भाव लिहीत नाही, अंक छापून येईतो बदलतात.

जुन्या घराची भिंत सरळ नसते, तेव्हा पहिली ओळ भिंतीच्या नाही, ताणलेल्या दोरीच्या भरवशावर लावा. खोकी दोन दिवस आधी त्याच खोलीत आडवी ठेवा. एसपीसी कापायला करवत लागत नाही. कटरने वरच्या बाजूने दोन-तीनदा ओरखडा मारून मोडली की सरळ तुटते. चौकटीभोवती वळणाचं कापायचं असेल तर जिगसॉ, म्हणजे विजेवर वरखाली चालणारी करवत. तिची पाती वर जाताना कापते, म्हणून पट्टी पालथी घालून कापा, नाहीतर दर्शनी कड उडते. हे अंगणात करा आणि नाकावर रुमाल नको, मास्क लावा. चुनखडीची भुकटी आहे ती.

आणि दिराला सांगा, हातोडी पट्टीवर मारायची नाही. मध्ये लाकडाचा ठोकळा धरून हलकंच.

प्रश्न : आमच्या घरी शेणाने सारवलेली जमीन आहे. त्यावर प्लास्टिक अंथरून लॅमिनेट टाकलं तर चालेल का?
(एक वाचक, जि. गडचिरोली)

उत्तर : नाही भाऊ. सारवलेली जमीन श्वास घेते, ओल वर सोडते, आणि तुम्ही तिचं तोंड प्लास्टिकने बांधणार. शिवाय ती पायाखाली दबते, दर महिन्याला पातळी वेगळी. आधी काँक्रीटचा कोबा करा, त्याला पूर्ण वाळू द्या, मग पट्ट्यांचं बोला. माझं मत विचाराल तर सारवलेली जमीन ठेवा. मे महिन्यातल्या दुपारी तिच्यावर झोपून पाहा.

प्रश्न : दुकानात "वॉटरप्रूफ" सांगून लॅमिनेट दिलं. पाणी सांडून खोलीच्या मधल्या चार पट्ट्यांच्या कडा फुगल्या. दुकानदार आता फोन उचलत नाही. फक्त तेवढ्याच बदलता येतील का?
(एक वाचिका, जि. वाशीम)

उत्तर : येतील ताई, पण मधूनच उचकटायला जाऊ नका. फुगलेल्या पट्ट्यांना जी लांब भिंत जवळची आहे, त्या बाजूचं स्कर्टिंग काढा. तिथून एकेक ओळ तिरपी उचलून सोडवत आत या. सोडवलेल्या प्रत्येक पट्टीच्या पाठीवर खडूने ओळ आणि क्रमांक लिहा, १-१, १-२ असं. पोरांना लिहायला लावलं तरी चालेल, पण पट्ट्या हलवू देऊ नका. खालचा फोम दोन दिवस उन्हात वाळवा, फरशी पूर्ण कोरडी होऊ द्या. चार नव्या पट्ट्या घाला आणि क्रमांकाने परत या. त्याच मापाच्या, त्याच सांध्याच्या पट्ट्या मिळाल्या तरच हे जमेल, कारण एका कंपनीची जीभ दुसरीच्या खोबणीत सहसा बसत नाही. जुन्या खोक्याचं लेबल शोधा. दुकानदार फोन उचलत नसेल तर पावती घेऊन दुकानातच जा, गिऱ्हाइकांच्या गर्दीच्या वेळी.

प्रश्न : महालक्ष्म्यांना समई रात्रंदिवस तेवते. एसपीसीच्या जमिनीवर ठेवली तर डाग पडेल का? आणि सणाला बादलीने जमीन धुता येते का?
(एक आजी, जि. अमरावती)

उत्तर : आजी, समईखाली पितळेचं ताट आणि ताटाखाली लाकडी पाट. जळती वात खाली पडली तर पीव्हीसी वितळून खळगा पडेल, तो निघणार नाही. तेल सांडलं तर साबणाच्या पाण्याने लगेच पुसा. बादली मात्र नको. पाणी फटीतून खाली जातं आणि तिथेच राहतं. घट्ट पिळलेला पोछा मारा. सूनबाई पिळत नसेल तर मला कळवा, तिला वेगळं पत्र लिहितो.