ब्रिज बसवण्याआधी शेजारच्या दातांकडे पाहा

पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टोप्या चढवून त्यांना जोडलेला कृत्रिम दात, बसवायचा असेल, तर रिकाम्या जागेपेक्षा तिच्या दोन्ही बाजूंच्या दातांचा विचार आधी करावा, कारण कृत्रिम दाताचा सारा भार त्यांच्यावरच येतो आणि टोपी बसावी म्हणून त्यांचे जे कवच घासले जाते, ते पुन्हा कधीही येत नाही. हे दात पूर्ण निरोगी असतील, तर इम्प्लांटविषयी, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दाताविषयी, डॉक्टरांशी आवर्जून बोला. त्यांच्यात आधीच मोठे फिलिंग असेल, तर मात्र ब्रिज मला अधिक सयुक्तिक वाटतो. एक्स-रेमध्ये मुळे आणि हाड पक्के दिसल्याशिवाय डॉक्टरांना ते दात टोपीसाठी घासून लहान करू देऊ नका.

ब्रिज चिकटवण्यापूर्वी रंगीत कागद चावायला देऊन उंची तपासतात. त्या वेळी एखादा दात आधी टेकतो आहे असे जरासे जरी वाटले, तरी संकोच न करता सांगा.

पुढची खरी जोखीम टोपीच्या कडेशी, हिरडीलगत असते. टोपीला कीड लागत नाही, पण तिच्याखालच्या दाताला लागते, आणि त्याचे रूट कॅनल झालेले असेल, म्हणजे आतली नस काढलेली असेल, तर तो दुखतही नाही. जोडलेल्या दातांमधून साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वरून उतरत नाही, म्हणून रोज रात्री ताठ टोकाचा सुपरफ्लॉस ब्रिजखालून ओवून कृत्रिम दाताची खालची बाजू पुढेमागे सरकवत पुसून काढा.