प्लॅटिनम निम्मे केले, मग प्रवाह का घसरला?

प्रश्न: इंधनघट (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज देणारा घट) स्वस्त व्हावा म्हणून कार्बनवरचे प्लॅटिनम 20 वरून 10 टक्क्यांवर आणले. एथिलीन ग्लायकॉलमध्ये क्लोरोप्लॅटिनिक आम्ल उकळून उत्प्रेरक बनवतो. चाचणीत प्लॅटिनम तेवढेच राहावे म्हणून फिरत्या डिस्कवर (द्रावणात फिरणाऱ्या चाचणी-इलेक्ट्रोडवर) उत्प्रेरकाच्या शाईचा थेंब दुप्पट टाकला. तरी 0.9 व्होल्टला दर मिलिग्रॅम प्लॅटिनममागचा प्रवाह आधीपेक्षा कमी! कोबाल्ट मिसळून पाहावे का?
– एक वाचक, फत्तेगंज, बडोदे

उत्तर: कोबाल्ट तूर्त राहू द्या. थेंब दुप्पट केल्याने प्लॅटिनम तेवढेच राहिले, पण कार्बन सव्वादोन पट झाला. एवढ्या जाड थरात ऑक्सिजन तळापर्यंत पोचत नाही. दोन्ही नमुन्यांचा थेंब सारखाच ठेवा आणि प्रवाह ज्याच्या त्याच्या प्लॅटिनमने भागा.

20 टक्क्यांच्या नमुन्यावर आधी पद्धत तपासा. 10 मिलिग्रॅम भुकटीवर पहिल्यांदा पाणी घाला, मगच आयसोप्रोपिल अल्कोहोल. कोरड्या भुकटीवर थेट अल्कोहोल पडले तर पेट घेऊ शकते. एकूण 5 मिलिलिटर शाई करा. 5 मिलिमीटर व्यासाच्या डिस्कवर 10 मायक्रोलिटर टाकले की 4 मायक्रोग्रॅम, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 मायक्रोग्रॅम प्लॅटिनम बसते. बडोद्याच्या मे महिन्यात पंख्याखाली थेंब झटकन वाळतो, सगळा माल कडेला जमून डिस्कचा मधला काचेसारखा कार्बन उघडा पडतो. पंखा बंद करून वर बीकर पालथा घाला.

आता द्रावणात नायट्रोजन सोडून व्होल्टेज वर-खाली फिरवा आणि प्रवाहाच्या आलेखात प्लॅटिनमवर हायड्रोजन बसता-उठताना येणाऱ्या शिखरांखालचा विद्युतभार मोजा. दुहेरी थराचा (पृष्ठभागालगत नुसत्या साठणाऱ्या विद्युतभाराचा) वाटा वजा करायला विसरू नका. ग्रॅममागे 65 चौरस मीटर पृष्ठभाग असेल तर सुमारे 0.55 मिलिकूलोम यायला हवा. निम्माच आला तर कण तरी मोठे आहेत, नाहीतर क्लोराइडने जागा अडवल्या आहेत.

आमचा संशय क्लोरोप्लॅटिनिक आम्लातून मागे उरलेल्या क्लोराइडवर. भुकटी धुऊन गाळलेल्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे दोन-चार थेंब घालून मग सिल्व्हर नायट्रेट टाका (अल्कलीत नुसताच तपकिरी साका बसतो आणि फसगत होते). पाणी दुधाळ होणे थांबेपर्यंत भुकटी कोमट शुद्ध पाण्याने धूत राहा. पोटॅशियम क्लोराइड भरलेला संदर्भ इलेक्ट्रोडही झिरपतो. 0.1 मोलर परक्लोरिक आम्लात हायड्रोजन इलेक्ट्रोडच वापरा.

एवढे करूनही प्रवाह कमी राहिला तर कणांचा आकार पाहा. 10 टक्क्यांत कण बहुधा आणखी बारीक होतात. 2 नॅनोमीटरखाली पृष्ठभाग वाढतो, पण त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरचे काम मंदावते आणि प्लॅटिनम लवकर विरघळते. 3 नॅनोमीटरच्या आसपास थांबलेले बरे. कोबाल्टची पाळी त्यानंतर, आणि तेव्हाही पृष्ठभागावरचे सैल कोबाल्ट आम्लात आधीच धुऊन टाका, नाहीतर ते घटाच्या पडद्यात (प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पातळ पापुद्र्यात) उतरून त्याची वाहकता खाते.