नळीत काय अडकलंय? परवानाधारक वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच धास्ती वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: स्वस्तातली बंदूक हातात फुटेल का? उत्तरं परवान्याच्या आणि कारखान्यात बनलेल्या बंदुकांपुरती आहेत. गावठी कट्ट्याबद्दल कृपया विचारू नका. पाण्याच्या पाइपाला नळी म्हणवणारी ती वस्तू बाळगणं गुन्हा आहे, आणि तिच्या टिकाऊपणाची चर्चा करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या शेजारच्या वाडीत एकाच्या सिंगल बॅरल बारा बोअरची नळी तोंडापासून वीतभर आत फाटली. माणूस वाचला. "स्वस्तातली होती, दुसरं काय होणार," असं सगळे म्हणतात. माझीही त्याच किमतीची आहे. काढून टाकू का? (सावंतवाडी तालुका)

नळी कुठे फाटली ते आधी बघायचं. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

बारा बोअरच्या साध्या काडतुसाला युरोपातल्या सीआयपी (बंदुका आणि काडतुसांच्या चाचणीचे निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) नियमांनी दाबाची कमाल मर्यादा ७४० बार ठेवली आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण ७३० पट. हा दाब काडतुसाच्या घरात आणि त्यापुढच्या दोनतीन बोटांत असतो. छर्रे पुढे सरकतात तसा तो झपाट्याने उतरतो आणि तोंडाशी शंभरपटीच्याही खाली येतो. म्हणून नळी घराशी तीन-चार मिलिमीटर जाड ठेवतात आणि तोंडाकडे जेमतेम एक मिलिमीटर. काडतूसच जादा भरलेलं किंवा चुकीचं असेल, तर नळी घराशी फुटते. तुमच्या शेजाऱ्याची तोंडाजवळ फाटली. तिथे स्वतःहून फाटण्याइतका दाब नसतोच. आत काहीतरी होतं.

सुमारे ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या आसपास वेगाने येतात आणि समोर चिखलाचा बोळा असतो. बोळा वजनाला क्षुल्लक, पण जागच्या जागी थांबलेला. त्याला क्षणात तेवढा वेग द्यायचा म्हणजे मागचे छर्रे एकमेकांत घुसून बाजूंवर रेटा देतात आणि मागून वायू साचतो. धातू तेवढ्याच जागी ताणला जातो. नशीब चांगलं असेल तर कड्यासारखा फुगवटा येऊन भागतं, नाहीतर नळी पाकळ्यांसारखी उलगडते. गंमत अशी की तोच हलका बोळा घराच्या अगदी पुढ्यात असता, तर बहुधा निभावलं असतं, कारण तिथे छर्र्यांनी वेग घेतलेला नसतो. असा हलका अडथळा जितका तोंडाकडे, तितका वाईट.

यात किमतीचा संबंध फार थोडा. लाखभराच्या बंदुकीतही चिखल गेला की हेच होतं. उलट स्वस्त बंदुकीची नळी पुष्कळदा जाडच असते, कारण ती तासून हलकी करायला मेहनत पडते आणि त्या मेहनतीचे पैसे कोणी दिलेले नसतात. चाचणीचा शिक्का असेल तर निर्धास्त राहा. सीआयपीची चाचणी मर्यादेच्या सुमारे सव्वापट दाबाने होते. बंदूक काढू नका. आत बघायची सवय लावा.

प्रश्न : फुगवटा आलेला भाग कापून टाकला तर? नळी तशीही लांब आहे. (गडहिंग्लज)

करवत हातात घेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवाना असल्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. स्वतःची असली तरी नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि तो निर्णय देईपर्यंत एकही बार काढू नका. फुगलेला धातू एकदा ताण खाऊन बसलेला असतो.

प्रश्न : आचारसंहितेत जमा केलेली बंदूक दोनअडीच महिन्यांनी परत मिळाली. बाहेरून गंज दिसतो. वापरण्याआधी काय तपासू? (डिचोली, गोवा)

गंजापेक्षा आधी कुंभारमाशीचा बंदोबस्त करा. भिंतीला भोक, बांबूचं टोक, नळाचं तोंड, काही तिला चालतं. बंदुकीची नळी तर आयतं घर. आत ओला चिखल आणून ती कप्पे करते, त्यांत अर्धमेले कोळी भरते आणि तोंड लिंपून टाकते. चार दिवसांत ते विटेसारखं होतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

बंदूक उघडा, घर रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. पुढचा लाकडी भाग काढून नळी वेगळी करा. घराच्या बाजूने उजेडाकडे बघा. पूर्ण गोल, चकचकीत, एकमेकांत गेलेली वर्तुळं दिसली पाहिजेत. वर्तुळ एका बाजूला चेपलेलं दिसलं तर बाहेरून पोचा आहे. पूर्ण काळी कडी दिसली तर तो फुगवटा. मग बोटाच्या चिमटीत नळी धरून बाहेरून सावकाश सरकवा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा चिमटीला लागतो.

माती असेल तर घराकडून लाकडी गज घालून ढकला. लोखंडी सळई नको. उरलेली कोमट पाण्याने भिजवून काढा, लगेच कोरडं करा आणि दोन-तीन थेंब तेल फिरवा. चिंधीचे तुकडे मोजून आत घाला आणि मोजून बाहेर काढा. आत राहिलेली चिंधी हाही अडथळाच, आणि तो आपणच ठेवलेला. बार काढायच्या आधी एक कोरडा तुकडा फिरवून जास्तीचं तेल पुसून घ्या.

माशी येऊ नये म्हणून नळीत कापडाचा बोळा कोंबणारे लोक आहेत. कोंबायचाच असेल तर त्याला लाल फीत बांधून ती चापाच्या कड्याला गुंडाळा, म्हणजे हात घातल्याबरोबर दिसेल. कातडी म्यान पावसाळ्यात वापरू नका, ते ओल धरतं. बंदूक तोंड खाली करून ठेवली तर तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

प्रश्न : घरात बारा आणि वीस बोअर अशा दोन बंदुका आहेत. काडतुसं एकाच डब्यात ठेवली तर चालेल का? (नाशिक)

अजिबात नाही. या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा नकार हाच समजा.

बारा बोअरची नळी आतून सुमारे १८.५ मिलिमीटर, वीसची १५.६. वीसचं काडतूस बाराच्या घरात टाकलं की त्याची कड अडत नाही. ते घसरत पुढे जातं आणि घर संपून नळी अरुंद होते तिथे रुततं. उघडून बघितलं तर घर रिकामं वाटतं. चाप ओढला की नुसती टक. माणसाला वाटतं, भरायचंच राहिलं. तो बाराचं काडतूस घालतो, तेही नीट बसतं. पुढचा बार त्या अडकलेल्या काडतुसावर जातो, आणि नळी फुटते ती जागा बहुतेकांच्या डाव्या पंज्याखाली येते.

बरेच कारखाने वीस बोअरची काडतुसं पिवळी काढतात, ती याचसाठी. पण तिन्हीसांजेच्या उजेडात रंगावर भिस्त ठेवू नका. डबे वेगळे, पिशव्या वेगळ्या, आणि एका वेळी एकच बंदूक बाहेर. टक झाली तर नवं काडतूस भरण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसलाच पाहिजे.

जाता जाता: जुन्या विलायती बंदुकीचं घर ६५ मिलिमीटरचं असू शकतं. आजचं ७० चं काडतूस त्यात बसतं, कारण लांबी मोजतात ती तोंड उलगडल्यावरची. बार झाल्यावर उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. नळीवर दमास्कसची नक्षी (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या नळीवरची लहरी रेघ) असेल तर ती शोभेला ठेवा.

प्रश्न : जुन्या काडतुसाचा बार फुसका गेला. धक्का लागला नाही, आवाजही बारीक. पुढे काय करायचं? (यवतमाळ)

थांबायचं. बंदूक त्याच सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद मोजा, काडतूस उशिराने पेटूही शकतं. मग उघडा, रिकामी करा आणि नळीतून बघा. शॉटगनमध्ये मधला प्लास्टिकचा किंवा नमद्याचा बूच राहिलेला असतो. लाकडी गजाने ढकलला की निघतो. .३१५ रायफलीत मात्र तांब्याच्या आवरणाची गोळी खाचांत घट्ट बसते. तिला ठोकू नका, गनस्मिथकडे न्या. "दुसऱ्या बाराने पहिली निघेल" हा सल्ला देणाऱ्यापासून लांब उभे राहा.

कारण बहुतेक वेळा ओल. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान असोत की आणखी कोणाची, काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. कागदी खोळीची पावसात फुगून घरात जाईनाशी होतात, ती रेटू नका. आणि काडतुसांना तेल लावू नका, पातळ तेल टोपीत (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या कॅपमध्ये) झिरपून तिला मारतं.

प्रश्न : पिकाच्या राखणीसाठी ठासणीची आहे. तिच्यात अडथळा कसला? (काणकोण)

ठासणीत आपण स्वतःच अडथळा तयार करतो. छर्रे किंवा गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासली नाही, मध्ये पोकळी राहिली, की अर्ध्यात अडकलेली गोळी बोळ्याचंच काम करते. गजावर दोन खुणा करा: नळी रिकामी असताना तो तोंडाशी जिथे येतो ती एक आणि नेहमीचा भार ठासल्यावर येतो ती दुसरी. टोपी काढून, अंग बाजूला ठेवून गज सोडला की नळीत काय आहे ते खूणच सांगते. दोनदा भार घातला गेला, तर तेही कळतं. गज नळीत विसरून बार काढणारेही असतात. काळ्या दारूशिवाय दुसरी दारू नाही, काडतूस फोडून काढलेली तर नाहीच. वापरल्यानंतर त्याच संध्याकाळी गरम साबणपाण्याने धुवा. काळ्या दारूची राख ओल ओढते आणि एका रात्रीत गंज धरते.

प्रश्न : जुनी स्वस्त सिंगल बॅरल मिळते आहे. किती वर्षं टिकेल? (सातारा)

वर्षाला दोन-चार डझन बार काढणाऱ्याच्या हातात ती बारांनी झिजत नाही. तिला गंज खातो.

स्वस्ताई दिसते ती जोडकामात. नळी जिथे मोडून उघडते ती बिजागरीची खीळ झिजली की नळी आणि मागची भिंत यांत फट पडते. पुढचा लाकडी भाग काढा, बंदूक मिटवा आणि नळी हलवून बघा. खुळखुळली किंवा सांध्यातून उजेड दिसला तर सौदा सोडा. रिकाम्या बंदुकीचा घोडा अर्ध्यावर ठेवून अंगठ्याने पुढे दाबा. सुटला तर कुलूपकाम (घोडा-चापाची यंत्रणा) गेलेलं आहे. काडतुसाच्या टोपीवर आपटणारी पिन टोकाला गोल असावी आणि मागे परतावी. तुटकी पिन, मेलेली स्प्रिंग ही किरकोळ दुरुस्ती, त्यावर भाव पाडा. दस्त्याला कुलुपामागे केसासारखी चीर असते, लाकूड ओलं करून पुसलं की काळी रेघ उमटते. घरातले गंजाचे खड्डे वाईट, तोंडाकडचे थोडे चालून जातात. परवान्यावर नोंद होईपर्यंत पैसे हातात ठेवा.

प्रश्न : इथे हाय-पॉइंटचं ९ मिमी पिस्तूल सगळ्यांत स्वस्त. सगळे हसतात. फुटेल का? (ह्यूस्टन)

हसतात ते त्याच्या वजनाला आणि रूपाला. त्यात नळी कुलूपबंद होत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर दाब पेलायचा. म्हणून जस्ताच्या मिश्रधातूची ती स्लाइड इतकी जाडजूड. नळी पोलादीच आहे. नेहमीच्या कारखानी गोळ्यांना ते पुरून उरतं. धोका घरी भरलेल्या गोळ्यांचा आहे. एखादीत दारू पडायची राहिली, तर नुसती टोपीही गोळीला नळीत ढकलून सोडते. रेंजवर अडलं की स्लाइड खाटकन ओढून पुढचा बार काढायची सवय शिकवतात. आवाज बारीक आला असेल तर ती सवय आवरा: मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, पिस्तूल उघडून नळीतून उजेड बघा.