काबूलमधल्या मैत्रिणीसाठी फेलोशिप: अर्जाच्या आधीचं काम पुण्यात आहे

ताई, तुमचा प्रश्न कालपासून मनातून जात नाहीये. पुण्यात तुमच्याबरोबर पीएच.डी. केलेली मैत्रीण काबूलला परत जाऊन शिकवत होती. आता नोकरी गेली, धमक्या आल्या, दोनदा घर बदललं. अशा प्राध्यापकांसाठी कुठे फेलोशिप असते का आणि आपण इथून काय करू शकतो, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी एक करा. तुमच्या प्रश्नात तिच्या प्रबंधाचा विषय आणि वर्ष आलंय, ते आत्ताच्या आत्ता काढून टाका. तेवढ्यावरून तिचं नाव शोधायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

मी बरीच वर्षं जर्मनीतल्या एका विद्यापीठात आहे. आमच्या विभागानं असे दोन अर्ज केले. पहिला नाकारला गेला, दुसरा मंजूर झाला. दोन्ही माणसं तितकीच हुशार होती आणि तितक्याच अडचणीत होती. फरक पडला तो कागदांत, म्हणून खाली कागदांबद्दलच जास्त लिहितेय.

फेलोशिप आहेत. न्यूयॉर्कच्या इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशनचा स्कॉलर रेस्क्यू फंड २००२ पासून चालू आहे. तिथे तिला स्वतः अर्ज करता येतो. वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत मिळतात, जिथे जायचं त्या विद्यापीठानंही आपला वाटा घालावा अशी अपेक्षा असते, आणि मुदत एकदा वाढू शकते. ब्रिटनमध्ये अशा प्राध्यापकांना मदत करणारी कारा ही संस्था आहे. तिथेही अर्ज स्वतःच करायचा, मग ते ब्रिटिश विद्यापीठात जागा शोधायला मदत करतात. इंग्रजी चांगलं लागतं, पण इंग्रजीत प्रबंध लिहिलेल्या मुलीला ते जमावं. स्कॉलर्स ॲट रिस्क हे ६०० हून अधिक संस्थांचं जाळं आहे. त्यांचं मुख्य काम पैसे देणं नाही, तर जागा जुळवून देणं आणि धोका खरा आहे का ते तपासणं. त्यांनी धोका खरा असल्याचं पत्र दिलं तर ते दुसरीकडेही चालतं, म्हणून तिथे नोंद लवकर करा.

जर्मनीतली योजना फिलिप श्वार्ट्झच्या नावानं आहे, हम्बोल्ट प्रतिष्ठानची. २४ महिने मिळतात. इथे मात्र तिला अर्ज करता येत नाही, अर्ज जर्मन विद्यापीठानं किंवा संशोधन संस्थेनंच करायचा असतो. फ्रान्सच्या ‘पॉझ’ या योजनेचंही तसंच. लोक नेमके इथे अडकतात. वेबसाइटवर फॉर्म शोधत बसतात, आणि फॉर्म भरणारा प्राध्यापक तर अजून शोधायचाच असतो.

हा श्वार्ट्झ फ्रँकफर्टचा पॅथॉलॉजिस्ट. १९३३ मध्ये ज्यू म्हणून त्याला देश सोडावा लागला. झुरिकला जाऊन त्यानं हाकललेल्या जर्मन प्राध्यापकांसाठी संस्था काढली आणि तुर्की सरकारशी बोलणी करून कित्येकांना इस्तंबूल विद्यापीठात जागा मिळवून दिल्या. २०१६ नंतर तुर्कस्तानातून बाहेर पडावं लागलेले प्राध्यापक त्याच्याच नावाच्या फेलोशिपवर जर्मनीत आले. कारासुद्धा १९३३ चीच, ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिजनं उभी केलेली. त्या काळात तिनं हात दिलेल्यांपैकी १६ जणांना पुढे नोबेल मिळालं.

भारताचाही यात एक धडा आहे. जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठातली जागा गेलेल्या भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्नला सी. व्ही. रामन यांनी १९३५ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणलं. रामन यांना त्याला कायम ठेवायचं होतं. विरोध झाला, ते जमलं नाही, आणि बॉर्न एडिनबराला गेला. १९५४ मध्ये त्याला नोबेल मिळालं. अशा वेळी कोणीतरी आपल्या संस्थेत ठामपणे बाजू घेऊन शेवटपर्यंत उभं राहावं लागतं, आणि तेवढंही कधी पुरत नाही. तुमच्या मैत्रिणीसाठी असा माणूस शोधणं हेच अर्ध्याहून जास्त काम आहे.

आता कागद. आमच्या पहिल्या अर्जात धोक्याच्या पुराव्यासाठी आम्ही वर्तमानपत्रांची कात्रणं लावली. देशात काय चाललंय हे निवडणाऱ्यांना ठाऊक असतं. त्यांना हवं असतं *याच* माणसाला काय झालं ते. दुसऱ्या वेळी आम्ही साधा तक्ता केला: तारीख, काय घडलं, पुरावा काय. नोकरीचं पत्र, कामावर येऊ नका असा निरोप, धमकीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, घर कधी सोडलं. दोन पानं झाली, फुगवलेलं एक वाक्य नव्हतं. तुमच्या मैत्रिणीकडून हे सिग्नल ॲपवर थोडंथोडं घ्या, तुमच्याकडे जपून ठेवा आणि तिला फोनमधून पुसायला सांगा. फोन तपासला गेला तर तिच्याकडे काही सापडायला नको.

दुसरी गोष्ट गाइडचं पत्र. आपल्याकडची शिफारसपत्रं तुम्ही पाहिलीच आहेत: ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग, गुड मॉरल कॅरॅक्टर’, चार ओळी, खाली शिक्का. आमच्या दुसऱ्या अर्जदाराच्या गाइडांनी आधी हेच पाठवलं होतं. त्यांची पीएच.डी.ही महाराष्ट्रातली (ओळख पटू नये म्हणून विषय आणि तालुका बदलून सांगते). मी सरांना फोन केला आणि विचारलं, “सर, याचं एखादं काम तुम्हाला आजही आठवतं का?” सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माणमधल्या चौसष्ट विहिरी त्यानं मे महिन्यात दोनदा मोजल्या. आणि पहिल्या वर्षीचे आकडे आपण होऊन फेकून दिले, टेप ताणला गेला होता म्हणून. मला ते कळलंही नसतं.” मी म्हटलं, सर, हेच लिहा. त्यांनी दीड पान लिहिलं. ते पत्र वाचून आमचे विभागप्रमुख अर्जावर सही करायला तयार झाले, माझ्या तीन ईमेलनी झाले नव्हते.

पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रकं, व्हायवाचा अहवाल, जे मिळेल ते तिच्या अधिकारपत्रावर तुम्ही काढा. यात वेळ जातो. एका विद्यापीठाच्या कचेरीत पडताळणीसाठी ‘विद्यार्थ्यानं समक्ष यावं’ म्हणून चार महिने फाइल पडून होती. समक्ष कसं येणार तो माणूस? शेवटी विभागातल्या एका मॅडम स्वतः खिडकीवर जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा काम झालं. तुमच्याही विभागात अशा एक मॅडम असतीलच.

परदेशातल्या प्राध्यापकांना लिहाल तेव्हा अर्धं पान लिहा. तिच्या हालअपेष्टा दोन ओळींत, बाकी सगळं काम. तिचे शोधनिबंध कोणी संदर्भ म्हणून वापरलेत ते बघा, सुरुवात त्यांच्यापासून करा. शक्य असेल तर तिच्या गाइडनाच लिहायला सांगा, कारण अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता बरीच जास्त.

प्रवासाचा विचार आत्तापासूनच हवा. काबूलचा जर्मन दूतावास ऑगस्ट २०२१ पासून बंद आहे, म्हणजे व्हिसासाठी शेजारच्या देशात जावं लागतं. आणि पुरुष नातेवाईक बरोबर नसेल तर बाईनं ७२ किलोमीटरपलीकडे जाऊ नये, असा तालिबानचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. तेव्हा बरोबर कोण येणार, त्याचा पासपोर्ट आहे का, तिच्या पासपोर्टची मुदत किती उरली, हे आजच विचारा. ‘तोवर पुण्याला बोलवून घेऊ’ असं तुम्ही लिहिलंय. तुमची तळमळ कळते, पण अफगाणिस्तानात असलेल्यांचे जुने व्हिसा भारतानं ऑगस्ट २०२१ मध्येच रद्द केले. निर्वासितांच्या १९५१ च्या करारावरही भारताची सही नाही. त्यामुळे त्या एकाच आशेवर थांबू नका.

तिला खात्री देऊ नका. अर्ज खूप, जागा थोड्या, आणि उत्तराला महिने लागतात. मंजूर झालं तरी एक-दोन वर्षांनी पुढे काय, हा प्रश्न राहतोच. आमचे ते सहकारी आज तिसऱ्या करारावर आहेत, दर वर्षी धाकधूक असते. पण मुलगी शाळेत जाते.

तुम्ही पुण्यात आहात, हे आज तिच्या फार उपयोगाचं आहे. या आठवड्यात गाइडना भेटा. निवृत्त झाले असतील तर घरी जा, फोनवर नको. पत्राचा मसुदा झाला की तिचं नाव झाकून मला खासगी निरोपात पाठवा. रात्री वाचून सकाळी परत करेन.