वाचकांचे प्रश्न : माहेरची सुट्टी आणि सायकल

प्रश्न : मी पुण्यात असते, माहेर बेळगावात, टिळकवाडीला. दिवाळीला आठवडाभर येतोय आणि यावेळी गाडीच्या मागे सायकल लावून आणणार आहे. पण नवरा सायकल चालवत नाही, पोरं आठ आणि पाच वर्षांची, आणि आई आत्तापासून म्हणायला लागलीय की चार दिवस येतेस तर घरी बस की जरा. कुणाला न दुखवता राईड कशी जमवायची आणि कुठे जायचं?

उत्तर : ताई, सायकल नक्की आणा. वर्षभर ऑफिस, डबे, शाळा सगळं सांभाळणाऱ्या बाईने माहेरी आल्यावर सकाळचे दोन तास स्वतःसाठी घेतले तर त्यात कुणाचं काही वाईट होत नाही, हे आईलाही प्रेमाने सांगा. फक्त घरून निघून घरीच परत यायची राईड सुट्टीत शक्यतो करू नका. तुम्ही येईपर्यंत नाष्टा थांबतो, सगळे आवरून नुसते वाट बघत बसतात, आणि तुम्ही आलात की दमलेल्या, मग पोरांना बाहेर न्यायचं राहून जातं आणि कुरबुर तिथूनच सुरू होते. त्यापेक्षा राईड एकाच बाजूची ठेवा. तुम्ही उजाडताना निघायचं, बाकीच्यांनी सावकाश आंघोळी उरकून गाडीने मागून यायचं, येताना फराळाचे डबे आणायचे, आणि तुमची राईड जिथे संपते तिथे सगळ्यांची सहल सुरू. परत येताना सायकल गाडीला.

आता हे जमायला राईडचं शेवटचं ठिकाण असं पाहिजे की जिथे पोरांना आणि आईलाही काहीतरी बघायला असेल, नुसता रस्ता सुंदर असून भागत नाही. म्हणून पहिला राजहंसगड. येळ्ळूरवरून जायचं, शहरापासून साधारण पंधरा किलोमीटर, येळ्ळूरपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सरळ आणि दोन्ही बाजूला भात. दिवाळीत तिकडे सुगी चालू असते, कापलेल्या भाताच्या पेंढ्या पडलेल्या, आणि काही ठिकाणी लोक रस्त्याच्या कडेलाच भात वाळत घालतात, त्यावरून सायकल अजिबात घालू नका, एक तर ते कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे आणि दुसरं म्हणजे दाण्यांवर चाक घसरतं. शेवटचा चढ खडा आहे, गिअर आधीच हलका करून ठेवा, चढावर मध्येच बदलायला गेलात की चेन उतरते. उतरून ढकलत नेली तरी चालतंय. गाडी वरपर्यंत जाते त्यामुळे आईला चढायचा त्रास नाही. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा आहे, आणि मुख्य म्हणजे बेळगावची पोरं दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात ना, तुमच्या पोरांनी मामाच्या अंगणात तो केला असेल तर दुसऱ्या दिवशी खरा किल्ला दाखवा, बुरूज आणि दरवाजा कुठे असतो ते बघून घरी आल्यावर किल्ल्यात बदल करायला बसतील.

दुसरी राईड मला स्वतःला सगळ्यात आवडते ती, खानापूर ते हलशी, नंदगडवरून. बेळगावपासून खानापूर पंचवीसेक किलोमीटर, तो हायवेचा भाग सायकलवर करू नका, गाडीने खानापूरला उतरा आणि तिथून चालवा, पुढे पंधराएक किलोमीटर आहे. तुम्ही हलशीकडे निघालात की बाकीच्यांनी नंदगडला थांबायचं, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये इथेच फाशी दिलं, त्यांची समाधी आहे, ती बघून मग मागून यायचं. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची जुनी पलाशिका, त्यांची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मध्ये उभं राहिलं की एकीकडे वराह आणि दुसरीकडे नरसिंह, पोरांना गोष्टी सांगायला याच्याइतकी चांगली जागा नाही. आणि आई देवळात रमली की तिचीही तक्रार राहणार नाही बघा.

वेळ कमी असेल त्या दिवशी बेळगुंदीवरून राकसकोप. झाडी आहे, धरणाचं पाणी लांबून बघा, ते शहराला प्यायला जातं, पोरांना पाण्यात उतरवू नका.

जांबोटी-कणकुंबीचा रस्ता तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. जंगल सुंदर आहे, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, माऊलीचं देऊळ आहे. पण तो गोव्याला जायचा रस्ता, ट्रक आणि घाईतल्या गाड्या दोन्ही, वळणं आंधळी. एकटीने सायकलवर नको, तिकडे सगळ्यांनी गाडीनेच जा.

प्रश्न : आम्ही निपाणीजवळ राहतो. मुलगी अकरा वर्षांची आहे, नाताळच्या सुट्टीत तिला माझ्याबरोबर लांब सायकलवर यायचंय. किती अंतर झेपेल आणि काय काळजी घ्यायची?

उत्तर : दादा, अंतराचं मी नंतर सांगते, आधी ट्रॅक्टरचं. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे ऊसतोडीचा ऐन हंगाम. दोन दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाल दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही, आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. अशा ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायचं नाही, हे मुलीला निघायच्या आधी नीट समजावा. तो समोरून आला तर सायकल थांबवून रस्त्याच्या खाली उतरून उभं राहायचं, कारण मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते, जागा आहे असं वाटतं आणि नसते. ट्रॉलीतून पडलेली कांडी आणि पाचट रस्त्यावर असतं, फडातून चाकांना लागून आलेला काळा चिखल असतो, त्यावर पुढचा ब्रेक दाबला की सायकल आडवी. मागचा ब्रेक आधी, पुढचा हळू, हे घरासमोर दोन-तीन दिवस करून घ्या.

हायवे नको म्हणजे नकोच, अगदी कडेच्या सर्व्हिस रोडनेसुद्धा, तिथे उलट बाजूने मोटारसायकली येतात. त्यापेक्षा तंबाखू आणि उसाच्या शेतांमधून गावागावांना जोडणारे आतले रस्ते धरा. सूर्य वर यायलाच सात वाजतात, वर धुकं, तेव्हा साडेसातच्या आधी निघू नका. पोरीला पुढे ठेवा, तुम्ही मागे, म्हणजे वेग तिचा राहतो आणि मागच्या गाडीला आधी तुम्ही दिसता.

अंतराचं म्हणाल तर पहिल्या दिवशी जाऊन येऊन दहा किलोमीटर खूप झालं, मग तिला विचारून वाढवा. सीटची उंची मात्र बघा, आपल्याकडे पोरांची सीट फार खाली असते आणि मग गुडघे दुखतात. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा थोडासाच वाकला पाहिजे.

प्रश्न : सासू-सासरे सत्तरीचे, आम्ही दोघं सायकलवाले. गोकाकला एक दिवस काढतोय, सगळ्यांना जमेल असं काय करता येईल?

उत्तर : तुम्ही दोघं घटप्रभा गावापासून निघून धुपदाळवरून गोकाक धबधब्यापर्यंत चालवा, फार अंतर नाही, चढही विशेष नाही. धुपदाळच्या बंधाऱ्याला पक्षी अभयारण्य आहे, थंडीत गेलात तर दुर्बीण घ्या, आणि सासरेबुवांना गाडीने तिथेच बोलवून घ्या, तासभर सगळे मिळून पक्षी बघा. धबधबा ५२ मीटरचा, पण पाणी असतं पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत, पुढे नुसता कातळ दिसतो, त्यामुळे पाणी हवं की पक्षी ते ठरवून तारीख घ्या. ओल्या कातळावर सायकलचे क्लीटवाले, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारा कडक तुकडा असलेले बूट घालून जाऊ नका, साध्या चपला गाडीत टाकायला सांगा. परत येताना गोकाकचा करदंट, म्हणजे गूळ-डिंक-सुकामेव्याची मिठाई, घ्यायला विसरू नका.