दुसऱ्या महिन्यातली पुडी

तिने पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. पहिली मुलगी चार वर्षांची, आता शेवटच्या पाळीपासून सातवा आठवडा.

"मुलगा व्हावा म्हणून खोंड असलेल्या गाईच्या दुधातून घ्यायचीय, दुसरा महिना संपायच्या आत. मॅडम, तोवर गर्भ मुलगाही नसतो नि मुलगीही, असं व्हिडिओत पाहिलं. मग बदलत असेल का हो?"

पुडीवाले याच अर्धसत्यावर जगतात. गर्भाचं खरं वय पाळीच्या हिशेबापेक्षा दोन आठवडे कमी, म्हणजे तिचा पाच आठवड्यांचा. त्या वयात सगळे गर्भ सारखेच दिसतात, हे खरंच आहे. मी कागदावर नळ्यांच्या दोन जोड्या काढल्या. एकीतून गर्भाशय आणि गर्भनलिका होतात, दुसरीतून शुक्रवाहिन्या. सुरुवातीला दोन्ही जोड्या प्रत्येकात असतात. सहसा मुलग्यांतच असणाऱ्या वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं जनुक असतं, १९९० मध्ये सापडलेलं. ते गर्भाच्या खऱ्या वयाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात काम सुरू करतं आणि वृषण घडू लागतात. वृषणांतलं एक संप्रेरक पहिली जोडी विरघळवतं, टेस्टोस्टेरॉन दुसरी टिकवतं. हे जनुक नसेल तर बहुतेक वेळा बीजांडकोश घडतो. तोही आपोआप नाही, त्याची वेगळी जनुकं राबतात. ('काहीच घडलं नाही की मुलगी' हे वाक्य मला म्हणूनच खटकतं.) बाहेरून फरक कळायला बारावा आठवडा उजाडतो.

"पण एक्स की वाय, हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेलं असतं. शुक्राणू आणतो ते. पुडीने गुणसूत्र बदलत नाही. आत काय आहे ते मात्र कुणालाच ठाऊक नाही, आणि बाळाचे अवयव नेमके आत्ताच घडताहेत. घेऊ नका."

मग सासूबाईंना आत बोलावलं. ऐकून म्हणाल्या, "म्हणजे दोष माझ्या लेकाचा?"

"कुणाचाच नाही, आजी. ते कुणाच्या हातात नसतं."

"मी घेतली होती पुडी. मुलगाच झाला."

"न घेताही निम्म्या जणींना होतोच की."

त्या गप्प बसल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "माझ्या जावेनं पण घेतलेली. तिला तिसरीही मुलगीच. वैदू म्हणाला, गाय चुकली."